आखातात "सगळं मोकळं झालंय" म्हणतात, मग जाणाऱ्या पोरांना नेमकं काय सांगायचं?

हिंगणारोड :

नमस्कार मंडळी. आयटीआय करून आखातात नोकरी लागलेल्या पंचवीसेक मुलामुलींसाठी नागपुरात दोन तासांचं सत्र ठेवायचं आहे. बहुतेक जण इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी मेकॅनिक, दुबई-शारजाला निघालेले. चार जण दोह्याला, आणि सोबत दोन नर्स आहेत, त्या रियाधला. कामाची काळजी नाही, ते त्यांना येतं. घोळ आहे तो तिथल्या समाजाबद्दल. एक एजंट सांगतो, "आता तिकडे सगळं मोकळं, देऊळ झालं, दारू मिळते, बायका गाड्या चालवतात." दुसरा सांगतो, "रमजानात बाहेर पाणी प्यायलं तरी उचलून नेतात." पोरं दोन्ही ऐकून बसली आहेत.

तिथे कोण कोण राहतं, कोणाचा कोणाशी किती संबंध येतो, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरंच काय बदललं, हे हवं आहे. तारखा-आकडे असतील तर उत्तम. "तिथल्या संस्कृतीचा आदर करा" एवढंच सांगून भागणार नाही, तेवढं एजंटही सांगतो.

धरमपेठ_ग्रंथालय :

आखात म्हणजे एक देश नव्हे, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. रियाध, दोहा, दुबई, शारजा ही चार ठिकाणं आणि चारही ठिकाणचे नियम वेगळे. दुबई आणि शारजा तर एकाच देशात, संयुक्त अरब अमिरातीत, एकमेकांना चिकटून आहेत. सिग्नल ओलांडला की अमिरात (म्हणजे त्या देशातलं राज्य) बदलते आणि दारूचा कायदाही बदलतो.

थोडा इतिहास सांगा, पण पाचच मिनिटं. आपला रुपया तिथे चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बहुतेक राज्यांनी त्या सोडल्या. दिरहम आला १९७३ मध्ये. त्याआधी दुबईचं पोट मोत्यांवर आणि मुंबई-कराचीशी चालणाऱ्या व्यापारावर होतं. मोत्यांचा धंदा १९३० च्या दशकात बसला, कारण जपानने पैदास केलेले मोती बाजारात आले आणि वरून जागतिक मंदी. अबुधाबीत तेल सापडलं १९५८ मध्ये, निर्यात सुरू झाली १९६२ मध्ये. अमिरातींचा संघ झाला २ डिसेंबर १९७१ रोजी, सातवी रास अल खैमा पुढच्या फेब्रुवारीत आली. खजुरीच्या झावळ्यांच्या घरात बालपण गेलेली माणसं तिथे आजही हयात आहेत. त्यांच्या घरात परंपरेबद्दल एवढी जपणूक का, ते यावरून समजतं.

आता कोण कोण राहतं ते. अमिरातीत आणि कतारमध्ये नागरिक साधारण दहात एक, बाकी सगळे बाहेरचे. सौदीचं गणित निराळं: २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ३.२२ कोटी आणि त्यात परदेशी ४१.६ टक्के, म्हणजे नागरिकच जास्त. याचा व्यवहारात अर्थ असा, की रियाधच्या नर्सना सौदी माणसं रोज भेटतील, रुग्ण म्हणून, नातेवाईक म्हणून, सहकारी म्हणून. दुबईच्या एसी मेकॅनिकचा मात्र अमिराती माणसाशी महिनोन्महिने दोन शब्दांचाही संबंध येणार नाही. त्याचा फोरमन केरळचा, ड्रायव्हर पेशावरकडचा, सिक्युरिटीवाला नेपाळचा, स्टोअरमधली मुलगी फिलिपिन्सची, हिशेबनीस इजिप्तचा. त्याला पहिल्या महिन्यात अरबी रिवाजापेक्षा खोलीतल्या इतर सात जणांच्या सवयी जास्त त्रास देतील. सत्रात हे स्पष्ट सांगा, कारण सगळी तयारी शेखांना कसं भेटायचं याची होते आणि शेख काही भेटत नाहीत.

इतके देश एकत्र राहतात म्हणजे मिसळतात, असं समजू नका. कोण कुठे राहणार, बायको-पोरं आणू शकणार की नाही, हे पगार आणि व्हिसा ठरवतात. अमिरातीत कुटुंब बोलवायचं तर पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा. कामगारांची राहण्याची सोय सोनापूर, अल कूझ, जेबेल अली अशा शहराबाहेरच्या वस्त्यांत. कतारने २०१० मध्ये कायदाच केला (क्रमांक १५), की कुटुंबं राहतात त्या भागात कामगारांना सामूहिक राहण्याची जागा देता येणार नाही. म्हणून कतारमध्ये चारांत जवळजवळ तीन पुरुष असले तरी मॉलमध्ये ते तेवढ्या संख्येने दिसत नाहीत. शाळाही तशाच वाटलेल्या आहेत: सीबीएसईच्या वेगळ्या, ब्रिटिश वेगळ्या, फिलिपिनो वेगळ्या. अरबी भाषा मात्र खासगी शाळांतही सक्तीची.

नागरिकांच्या बाजूने पाहिलं तर त्यांना स्वतःच्या देशात अल्पसंख्य झाल्याची चिंता आहे, आणि सरकार त्यावर पैसा ओततं. १९९२ मध्ये अमिरातीने विवाह निधी काढला, अमिराती मुलाने अमिराती मुलीशीच लग्न करावं म्हणून. लग्नाचा खर्च हाताबाहेर गेल्याने मुलं बाहेरच्या मुली करत होती. अनुदान ७०,००० दिरहम. नागरिकत्व बापाकडून येतं. तिथे तीस वर्षं राबलं तरी ते आपोआप मिळत नाही; २०२१ पासून मोजक्या गुंतवणूकदारांना, शास्त्रज्ञांना, कलावंतांना शिफारशीवर देता येतं, तेवढंच. दुसरीकडे त्यांच्या मुली विद्यापीठांत मुलांपेक्षा जास्त आहेत, आणि तिथल्या राष्ट्रीय परिषदेत २०१९ पासून निम्म्या जागा बायकांना. उंटांच्या शर्यतीत २००५ पर्यंत दक्षिण आशियातून आणलेली लहान पोरं स्वार म्हणून बसवायचे. बंदी आली आणि आता उंटाच्या पाठीवर रिमोटवर चालणारा छोटा रोबो असतो, मालक शेजारून गाडी पळवत चाबूक चालवतो. परंपरा ठेवली, पोरं काढली. तिथले बदल कसे होतात याचा हा अगदी बोलका नमुना आहे.

आणि बदल वरून हुकमाने येतात. चर्चा, आंदोलन, मग कायदा, असा आपल्यासारखा प्रवास नाही. अमिरात हा शुक्रवार-शनिवारची सुट्टी असलेला देश १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारवर गेला, शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस. शारजाने तर शुक्र-शनि-रवि अशी तीन दिवसांची केली. कतार आणि सौदी अजून शुक्र-शनिवरच आहेत. सौदीत चित्रपटगृहं एप्रिल २०१८ मध्ये उघडली, २४ जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवायची परवानगी. हुकमाने आलेलं हुकमाने मागेही जातं, हे पोरांना सांगा. दुबईने दारूवरचा ३० टक्के कर जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये परत बसवला. दोन वर्षांपूर्वी कोणी काय सांगितलं, त्यावर विसंबून चालत नाही.

शारजा_व्हाया_सोनेगाव :

वरच्यांनी पाया घातला, मी रोजच्या वापरातलं लिहितो.

रमजान. अमिरातीत दुबईच्या हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्ती २०२१ मध्ये उठली, दुपारी जेवण मिळतं. म्हणून रस्त्यावर, बसमध्ये, साईटवर उघड्यावर बाटली तोंडाला लावायची असं नाही. आडोशाला, पँट्रीत, ठरवलेल्या जागी. कुवेतमध्ये मात्र उघड्यावर खाण्यापिण्याला १०० दिनारपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद असा कायदाच आहे, आणि सौदीतही उघड्यावर नकोच. तुमचा दुसरा एजंट कुवेतची गोष्ट दुबईला लावतोय. कामाचे तास अमिरातीत सगळ्यांचेच दोन तासांनी कमी होतात, रोजा असो नसो. मुकादम "तू हिंदू, तुला सूट नाही" म्हणाला तर तो चूक आहे. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये १ मार्चला सुरू झाला होता, त्यावरून पुढचं काढता येईल.

दारू. दुबईत २१ वर्षांवरच्या बिगर-मुस्लिमाला परवान्यावर, परवाना फुकट. रस्त्यावर पिणं किंवा पिऊन धिंगाणा हा गुन्हा, आणि पिऊन गाडी चालवण्यात थोडं-जास्त असा भेद नाही. शारजात विक्रीच नाही. नागपूरचं विमान शारजाला उतरतं आणि पुष्कळ जण भाडं स्वस्त म्हणून शारजात राहून दुबईत काम करतात, म्हणून खरी भानगड इथे होते: दुबईत कायदेशीर घेतलेली बाटली गाडीत ठेवून शारजात शिरलं की तीच बाटली बेकायदा. कतारमध्ये सामानातून आणलेली विमानतळावरच काढून घेतात. सौदीत जानेवारी २०२४ मध्ये रियाधला एक दुकान उघडलं ते बिगर-मुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी. व्हॉट्सॲपवर त्याचं "सौदीत दारू सुरू" झालं. नर्स मुलींना सांगा, त्यांच्यासाठी काहीही सुरू झालेलं नाही.

मोबाईल. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यावर द्या. दारूने अडकणाऱ्यांपेक्षा फोनने अडकणारे साधे-सरळ असतात, म्हणून वाईट वाटतं. अमिरातीचा सायबर कायदा २०२१ चा, क्रमांक ३४. कोणाला ऑनलाइन शिवी दिली, अपमान केला तर कैद किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपचा खासगी संदेशही यात धरतात. पगार थकवला म्हणून मालकाला रागात पाठवलेला व्हॉइस मेसेज कामगाराच्याच अंगलट येतो. न विचारता कोणाचा फोटो काढणं हाही गुन्हा. मेट्रोत, बीचवर, बायकांच्या बाजूला कॅमेरा नकोच. धर्मद्वेषाचा कायदा वेगळा, २०२३ चा. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकवरच्या मुस्लिमविरोधी पोस्टमुळे अमिरातीतल्या कित्येक भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. नागपुरातल्या ग्रुपवर जे बिनधास्त फॉरवर्ड करतात ते तिथल्या सिमवरून करायचं नाही, आणि जुन्या पोस्ट जायच्या आधी साफ करायच्या. व्हॉट्सॲपचा साधा कॉल तिथे लागत नाही, परवाना असलेली बोटिमसारखी ॲप वापरायची.

मेट्रो २००९ पासून आहे. बायका-मुलांचा डबा वेगळा, जमिनीवर गुलाबी पट्टा असतो. पुरुष त्यात शिरला तर १०० दिरहम दंड. डब्यात खाल्लं, पाणी प्यायलं तरी तेवढाच. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात याच दोन गोष्टींवर हटकून पैसे घालवतो.

देवधर्म. दुबईत बर दुबईचं जुनं देऊळ १९५८ चं. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेबेल अलीला नवं मोठं उघडलं आणि जुन्याचा कारभार तिकडे गेला. अबुधाबीचं दगडी मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला. बहरीनमध्ये मनामाचं श्रीनाथजींचं देऊळ सुमारे दोनशे वर्षांचं, सिंधकडच्या थट्टाई भाटियांनी बांधलेलं. मस्कतलाही जुनी देवळं आहेत. कतारमध्ये देऊळ नाही, घरातल्या घरात पूजा. सौदीत बिगर-मुस्लिमांची उघड प्रार्थना चालत नाही. पाकिटात छोटा फोटो ठेवा, खोलीत देव्हारा मांडून घंटा वाजवत बसू नका. गणपती दुबईत घरोघरी बसतात, मंडळं हॉल घेऊन परवानगीने कार्यक्रम करतात. मिरवणूक, रस्त्यावर ढोल, समुद्रात विसर्जन मात्र नाही. मातीची लहान मूर्ती घ्या, बादलीत विरघळवा, पाणी झाडाला.

इतवारी_मसाला :

महत्त्वाचं सगळे विसरून राहिले. बॅगेत काय नाही न्यायचं ते सांगा ना पोट्टेहो.

खसखस. अमिरात, कतार, सौदी, तिन्हीकडे बंदी. ती अफूच्या बोंडातलीच बी, म्हणून तिकडे तिचा हिशोब अमली पदार्थात होते. आपल्याकडे किराण्यात पावकिलोनं भेटते म्हणून कोणाले खरं नाही वाटत. सावजी मसाल्यात ती असतेच. आईनं प्रेमानं अर्धा किलो मसाला दळून दिला आणि पोरगं स्कॅनरजवळ अडकलं, असं होते. दिवाळीचा डबाही पाहा: अनारशावर वरून लावलेली, करंजीच्या सारणात घातलेली, खसखसच. लाडवातही टाकतात काहीजण.

मसाला न्यायचाच तर घरी वेगळा करा. खसखस जेवढी, तेवढीच मगज बी घ्या, मंद आचेवर नुसती गरम करा, रंग बदलू देऊ नका, नाहीतर रस्सा कडू होते. दाटपणा येते, चवीत उन्नीस-बीस. अनारशाले तीळ लावा. ज्या मिक्सरात, ज्या डब्यात खसखसवाला मसाला होता तो आधी धुवा, पुसून नाही भागत, दाणे झाकणाच्या खाचेत बसतात. सौदीवाल्यांनी जायफळही नेऊ नये, तिथं त्याच्यावरही बंदी हाये. पाकीट सीलबंद असलं आणि घटक छापलेले असले तर तपासणारा लवकर सोडते. पण छापलेल्या घटकांत खसखस असंल तर सीलबंद असूनही गेलंच. विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचा.

खर्रा. हात जोडून सांगा पोरायले. पान, खायचा तंबाखू, नसवार, सगळं बंदीच्या यादीत. लपूनछपून भेटते, त्याचा दंडही भेटते, आणि भिंतीवर पिचकारी मारली तर वेगळा. जायच्या महिनाभर आधी सोडा, कारण पहिल्या आठवड्यात डोकं दुखणार, चिडचिड होणार, अन् नेमकी तेव्हाच ड्यूटी शिकायची असते.

औषधं : ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं सायरप, अल्प्राझोलाम, डायझेपाम, प्रीगाबॅलिन. यातली कोणती चालू असंल तर अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर आधी परवानगी काढायची, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात. कंबरदुखीवर मेडिकलवाल्यानं सुट्या दिलेल्या गोळ्या बॅगेतच नको. शेजारच्या काकूचं "एवढं पार्सल तिकडं देशील का" तेही नको, मंग ते उघडून पाहिलेलं असो का नसो.

हिंगणारोड :

खसखशीचं खरंच डोक्यात नव्हतं, यादीत सगळ्यात वर टाकतो. दोन गोष्टी राहिल्या. करारात आणि कायद्यात काय नवं आहे? कारण पोरांचे काका-मामा पंधरा वर्षांपूर्वीचं सांगतात, "पासपोर्ट मालकाकडेच असतो, एनओसी, म्हणजे मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येत नाही." आणि रियाधच्या मुलींसाठी वेगळं काही?

कागदपत्र_सदर :

काका-मामांच्या वेळी ते तसंच होतं. आता काय आहे ते देशवार पाहा.

अमिरात : नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून. पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा. भरतीचा खर्च मालकाचा, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात तिथेच दुसरीकडे जायचं तर एक महिन्याची नोटीस, देश सोडायचा तर १४ दिवसांची. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. जादा काम मूळ पगारावर २५ टक्के वाढीव दराने, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये ५० टक्के.

पोरांना करारातली एकच ओळ नीट वाचायला शिकवा : मूळ पगार. एकूण १,८०० दिरहम लिहिलेले असतात, त्यात मूळ १,२०० आणि बाकी भत्ते. ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची. मूळ १,२०० असेल तर दिवसाचे ४०, वर्षाचे ८४०, तीन वर्षांचे २,५२०. मूळ १,८०० असता तर तीन वर्षांचे ३,७८० झाले असते. जादा कामाचा दरही याच आकड्यावर. एकूण रक्कम तीच ठेवून मूळ पगार खाली ओढणं हा मालकाचा सगळ्यात सोपा, आणि कायद्यात बसणारा, फायदा.

बेरोजगारी विमा २०२३ पासून सक्तीचा, मूळ पगार १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहम. तो कामगारानेच भरायचा असतो. कंपनी भरेल म्हणून बसले की दंड कामगारालाच. पगार बँकेतून देण्याची पद्धत २००९ पासून आहे, रोखीत घेऊ नये. तक्रार करताना बँकेची नोंद हाच पुरावा. अबुधाबीच्या न्यायालयांनी फेब्रुवारी २०१९ पासून कामगार दाव्यांसाठी अरबी-इंग्रजीच्या जोडीला हिंदी तिसरी भाषा घेतली आहे, अर्ज हिंदीत मिळतो. तोंडी सल्ल्यासाठी दुबईतलं प्रवासी भारतीय सहायता केंद्र, तिथून फोन ८००४६३४२, फुकट.

कतार : एनओसीची अट २०२० मध्ये गेली. किमान वेतन २० मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल, राहण्याची सोय नसेल तर ५०० आणि जेवण नसेल तर ३०० वेगळे. दोह्याच्या चौघांची वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे भारतातच कतार व्हिसा सेंटरमध्ये होतात. नागपुरात केंद्र नाही, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. करारही तिथेच सही करायचा असतो, आणि तो हिंदीत वाचता येतो. गाडी पकडायची घाई आहे म्हणून न वाचता सही करतात, ती तेवढी थांबवा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे कामासाठी जायला सरकारी मंजुरी लागते. त्यांनी ई-मायग्रेटवर (भारत सरकारच्या परदेशी नोकरीच्या संकेतस्थळावर) नोंद आणि मंजुरीशिवाय निघू नये. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो, हे ऐकलं की समजायचं. प्रवासी भारतीय विमा योजना : १० लाखांचं कवच, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं, पावतीसह. इथल्या पोरांकडून याच्या कित्येक पट उकळलं जातं आणि पावती "कोर्स फी"ची दिली जाते.

प्रमाणपत्रं : सौदी डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, दूतावासाची गरज नाही) मान्य करतो, ओमान-बहरीन आधीपासून. अमिरात, कतार, कुवेत यांना अपॉस्टिल चालत नाही. राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, अशी साखळी. चुकीचा शिक्का मारून घेतला की पैसे आणि तीन-चार आठवडे गेले.

रियाधच्या मुली : नर्स असल्याने पासपोर्ट कोणताही असो, भरती ई-मायग्रेटवरून मान्य संस्थेमार्फतच. पदवी आणि अनुभव यांची थेट मूळ संस्थेकडून पडताळणी होते, त्यामुळे अनुभवाच्या दाखल्यातली तारीख आणि पगारपत्रकातली तारीख जुळलीच पाहिजे. बहुतेक अर्ज इथेच लटकतात. २०१८-१९ च्या सुधारणा, म्हणजे २१ वर्षांवरील बाईला स्वतः पासपोर्ट काढता येणं वगैरे, मुख्यतः सौदी बायकांसाठी होत्या. पण त्यांचा परिणाम वॉर्डात दिसतो: नोकरी करणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण पाच-सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झालं, त्यामुळे वरिष्ठ किंवा सोबतची नर्स सौदी असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. परदेशी बाईला आता अबायाची (पायघोळ झग्याची) सक्ती पूर्वीसारखी नाही, तरी अंगभर सैल कपडे हवेत. नोकरी बदलणं मार्च २०२१ पासून एक वर्षानंतर मालकाच्या संमतीशिवाय शक्य. घरकामगारांना ते लागू केलं नव्हतं, म्हणून व्हिसावर "नर्स"च लिहिलंय ना ते पाहा. रुग्णाच्या घरी राहून सेवा अशी नोकरी असेल तर व्हिसा घरकामगाराचा निघतो, पगार नर्सचा सांगतात.

मोमिनपुरा_४४००१८ :

सगळं वाचलं. एक भर, आणि धरमपेठवाल्यांच्या एका मुद्द्याला थोडा विरोध.

तुमच्या पंचवीसांत मुसलमान पोरंही असतील, आणि त्यांना घरून सांगितलेलं असतं की "तुला काय, आपलाच मुलूख." त्यांनाही हेच सत्र पूर्ण द्या, उलट दोन गोष्टी जास्त. दारूची सवलत त्यांना नाही. ती बिगर-मुस्लिमांपुरती आहे. २०२३ पासून लागू झालेला लग्न-घटस्फोट-वारशाचा दिवाणी कायदाही बिगर-मुस्लिमांसाठी, त्यांना शरियतवर आधारलेलाच. आणि चंदा. मशिदीसाठी, मदरशासाठी, गावाकडच्या आजारी माणसासाठी, कशासाठीही विनापरवाना पैसे गोळा करणं अमिरातीत गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवर आवाहन टाकणंसुद्धा. नागपुरात जुम्म्याला रुमाल फिरतो तसा तिथे फिरत नाही. खुतबाही (जुम्म्याचं प्रवचन) सरकारी खात्याकडून लिहून येतो. नमाजनंतर कोणी कोपऱ्यात बसून वेगळा दर्स (धर्माचा पाठ) घ्यायला लागला तर तिथून उठून निघायचं. पगार, खोली, पासपोर्टाची किंमत यांत धर्माने काही फरक पडत नाही, नागपूरचा अन्सारी आणि नागपूरचा मेश्राम एकाच बंकवर वर-खाली झोपतात.

विरोध एवढाच, की "मिसळत नाहीत" हे मला पुरतं पटत नाही. जुम्म्याच्या सफेत (नमाजच्या रांगेत) बांगलादेशी मजूर आणि अमिराती अधिकारी खांद्याला खांदा लावून उभे असतात. इफ्तारचे तंबू आहेत, क्रिकेटची मैदानं आहेत, दुबईत करामा-देइराच्या चहाच्या टपऱ्या आहेत. सोनापूरच्या खोलीत पठाण आपल्या पोराकडून सिलेंडर मागतो आणि रोटी देतो, हेही मिसळणंच.

धरमपेठ_ग्रंथालय :

सफेत उभे राहतात, मान्य. सफ सुटल्यावर एक बसने सोनापूरला जातो, दुसरा गाडीने घरी. माझा रोख त्याच्यावर होता. कामगारांचं आपसातलं मिसळणं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी ते कमी लेखलं असं वाटत असेल तर सत्रात तुमचाच परिच्छेद वाचा.

शारजा_व्हाया_सोनेगाव :

ऊन राहिलं. पोरं म्हणणार, "आम्ही नागपूरचे, ४५-४६ पाहिलेत." इथेच चुकतात. आपला मे कोरडा असतो, घाम सुकतो, म्हणून तर आपला कूलर चालतो. ऑगस्टमध्ये दुबई-दोह्याच्या किनाऱ्यावर हवा दमट असते, कूलर लावला तर खोली भिजट होते आणि थंड होत नाही. तसंच अंगातला घाम नुसता वाहतो. तिथले ४० आपल्या ४५ ला भारी.

म्हणून उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा कायदा आहे. अमिरात : १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३. मोडला तर मालकाला दर कामगारामागे ५,००० दिरहम दंड, जास्तीत जास्त ५०,०००. सौदी : त्याच तारखा, १२ ते ३. कतार : १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते ३.३०, आणि वेळ कोणतीही असो, ऊन-आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला की काम थांबवायचं. पहिल्या दिवशी नव्या माणसाने उन्हात नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम करावं, रोज तेवढंच वाढवत नेत पाचव्या दिवशी पूर्ण. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागायची वाट न पाहता. लघवी चहासारखी गडद झाली की सावलीत बसायचं आणि मुकादमाला सांगायचं. "नवीन आहे, काय म्हणतील" म्हणून गप्प राहणारेच चक्कर येऊन पडतात. गच्चीवर एसीचं आउटडोअर युनिट लावणाऱ्यांना हे सगळ्यात आधी सांगा, कारण त्या मशीनची गरम हवाही त्यांच्याच तोंडावर येते.